धावणं तेवढं तुमच्याकडे

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

डोंगरात जाऊन टँडम पॅराग्लायडिंग, म्हणजे एकाच पंखाखाली पायलटच्या पुढे बसून उडणं, करायचं म्हणताय, तर जरूर करा. नुसतं वय त्याच्या आड येत नाही. आड येतात गुडघे, हाडं आणि चुकीच्या वेळचा वारा. या तिन्हींचं आधी नीट बघितलं की उरलेलं बहुतेक काम मागे बसलेला पायलट करतो. तुमच्या वाट्याला सुरुवातीची आठ-दहा पावलं येतात आणि नवख्यांच्या बऱ्याचशा चुका त्याच पावलांत होतात. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. दोघांनी मिळून वाचा.

बाबा, तुमची पहिली शंका: पॅराशूट वेळेवर उघडलंच नाही तर? हे पॅराशूट नव्हेच. पॅराशूट पडता पडता उघडावं लागतं. इथे पंख आधी जमिनीवरच फुगतो, डोक्यावर येऊन उभा राहतो, पायलट मान वर करून तो बघतो आणि मगच पाय जमीन सोडतात. दोघांचं नातं मात्र जवळचं आहे. डोमिना जाल्बर्ट या अमेरिकी संशोधकाने 1964 मध्ये दुहेरी कापडाचा, पुढून हवा शिरून फुगणारा पंख तयार केला. पुढे 1978 मध्ये फ्रेंच आल्प्समधल्या मियुसी गावात काही पॅराशूटवाल्यांनी असेच पंख घेऊन उतारावरून धावत उड्डाण केलं. नेमक्या जागी उतरण्याचा सराव करायला दर वेळी विमान कशाला, हा त्यांचा साधा विचार. पॅराग्लायडिंगची सुरुवात बहुतेकजण तिथूनच धरतात.

दोघांना नेणारा पंख साधारण 40 चौरस मीटरचा असतो, एकट्याचा 25 च्या आसपास. वर एक कापड, खाली एक कापड, मध्ये उभे पडदे. म्हणजे खणाखणांची पोकळ गादीच. पुढच्या कडेला खणांची तोंडं उघडी असतात, त्यांतून हवा शिरते आणि गादी घट्ट होते. सांगाडा नाही, इंजिन नाही. ईएन 926 या युरोपीय मानकाच्या चाचणीत पंखाला त्याच्या कमाल वजनाच्या आठपट भार सोसून दाखवावा लागतो. तेव्हा दोरी तुटेल का, याची चिंता करू नका. पंखाची आणि दोऱ्यांची तपासणी शेवटची कधी झाली, ते मात्र विचारा.

आता वारा. हे नीट समजून घ्या, कारण तुमचे गुडघे यावरच अवलंबून आहेत. पंखाला दोघांचं वजन उचलायला त्याच्यावरून ताशी साधारण 25 किलोमीटर वेगाने हवा जावी लागते. समोरून 15 चा वारा असेल तर तुम्हाला फक्त 10 च्या वेगाने पुढे जायचंय, म्हणजे हळू धावल्यासारखी काही पावलं. वारा अजिबात नसेल तर सगळे 25 पायांनी काढावे लागतात, तेही उतारावर आणि मागे एक माणूस बांधलेला असताना. पंचविशीतल्या पोराला ते जमतं. आई, तुझ्या गुडघ्यांना ते करायला लावू नकोस. उंचीचाही हिशेब धरा. समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरवर हवा सुमारे 22 टक्के विरळ असते, त्यामुळे त्याच पंखाला तिथे 13 टक्के तरी जास्त वेग लागतो. म्हणून फार उंचावरच्या टेक-ऑफपेक्षा मध्यम उंचीचा, मोकळा, गवताचा उतार तुमच्यासाठी बरा.

समोरून 12 ते 18 चा सलग वारा असेल तर उत्तम. 25 च्या वर गेला, किंवा झोतांनी येतोय, 10 चा क्षणात 25 होतोय, तर त्या दिवशी उडायचं नाही. पाठीमागून वारा असताना तर कुणीही धावायला सांगितलं तरी धावू नका. टेक-ऑफवर वाऱ्याची पिशवी टांगलेली असते, तिच्याकडे दहा मिनिटं शांतपणे बघत बसा. ती एकाच दिशेला, एकाच कोनात राहतेय का? सारखी पडते, उठते, वळते का? पायलटशी बोलायच्या आधीच तुम्हाला निम्मं उत्तर मिळेल. डोंगरात सूर्य उतारावर पडला की हवा तापून उताराने वर चढायला लागते, म्हणून ऊन लागल्यावर दोन-तीन तासांनी वारा समोरून आणि सौम्य मिळतो. भर दुपारी तापलेल्या हवेचे स्तंभ, ज्यांना थर्मल म्हणतात, जोरदार होतात. अनुभवी पायलट त्यांच्याच जोरावर तासन्‌तास वर राहतात, पण पहिल्यांदा बसणाऱ्याला तेच धक्के वाटतात. तुम्ही सकाळचीच वेळ मागा. दूरवर काळा, वर वर वाढत जाणारा ढग दिसला तर तो अजून लांब आहे असं म्हणून थांबू नका. वादळाच्या पुढचा वारा पावसाच्या कितीतरी आधी पोचतो.

हार्नेस म्हणजे बसायची झोळी. तिला मांड्यांभोवती दोन पट्टे आणि छातीवर एक. क्रम असा: मांड्यांचे पट्टे सगळ्यात आधी लावायचे आणि सगळ्यात शेवटी सोडायचे. कारण साफ आहे. छातीचा पट्टा लावलेला असला की सगळं बांधलंय असं वाटतं, आणि मांडीचा राहून गेला तर पाय सुटताच माणूस झोळीतून खाली घसरतो. या खेळातली ही जुनी आणि जीवघेणी चूक आहे. म्हणून पायलटने तपासलं तरी स्वतःचा हात प्रत्येक बकलावर ठेवा. दोन्ही अंगं एकमेकांत बसताना 'टक्' असा आवाज येतो. तो ऐकून पुरेसं नाही, पट्टा जोरात ओढून बघा. खडा किंवा गवताची काडी अडकली तर आवाज येतो, पण बकल पूर्ण बसत नाही. मग हेल्मेटचा पट्टा. मग तुमच्या झोळीचे दोन कॅराबिनर, म्हणजे झोळी पंखाला जोडणाऱ्या धातूच्या कड्या. त्यांची तोंडं बंद आणि कुलूप फिरवलेलं आहे, हे पायलटला बोट लावून दाखवायला सांगा. चांगला पायलट याचा राग मानत नाही.

झोळीत पाठीखाली संरक्षक गादी असते. ती फोमची आहे की हवेची, विचारा. हवेची गादी काही झोळ्यांत उडायला लागल्यावर वाऱ्याने फुगते. टेक-ऑफला, म्हणजे आपटण्याची शक्यता जिथे जास्त, तिथे ती अर्धवटच भरलेली असते. तुमच्या वयाला फोमची बरी.

आता ती आठ-दहा पावलं. तुम्ही पुढे, पायलट मागे, पंख त्याच्याही मागे जमिनीवर पसरलेला. तो 'चला' म्हणाला की पुढे निघायचं. दुसऱ्या-तिसऱ्या पावलालाच कुणीतरी मागून गच्च धरल्यासारखं वाटेल. तो पंख वर येत असतो आणि येताना शिडासारखा ओढतो. नेमके इथेच लोक थांबतात. थांबलं की पंख मागे पडतो किंवा एका बाजूला जातो आणि दोघं ओढले जातात. छाती पुढे झुकवा, हात मागे किंवा खांद्याच्या पट्ट्यांवर ठेवा आणि चालत राहा. ओढ अचानक सुटेल. पंख डोक्यावर आला, असा त्याचा अर्थ. आता धावायचं. जरा वेळाने पाय हवेत मारायला लागतील, तरी मारत राहा, कारण पंख एकदा उचलून पुन्हा टेकवू शकतो. उडी मारायची नाही आणि मुख्य म्हणजे बसायचं नाही. बसलात की तुमचं सगळं वजन पायलटच्या पायांवर येतं, वेग मरतो आणि दोघं बुडावर आपटतात. घोटे आणि पाठीचे मणके असेच दुखावतात.

याचा सराव घरी होतो. आईच्या कमरेभोवती जाड चादर गुंडाळा आणि बाबा, तुम्ही मागून दोन्ही टोकं धरा. आईने छाती पुढे टाकून ओढ सोसत दहा पावलं चालायचं. मध्येच तुम्ही ओढ हळूहळू कमी करा, एकदम सोडू नका. ओढ सुटल्यावरही तिची पावलं चालू राहिली पाहिजेत. मग अदलाबदल करा. चार-पाच वेळा केलंत की पायांना कळतं. 'थांबा' या शब्दाचाही सराव करा: तो ऐकला की जागच्या जागी उभं राहायचं, का म्हणून विचारायचं नाही. बाबा, हेल्मेटखाली श्रवणयंत्र कधीकधी शिटी मारतं. हेल्मेट आधी घालून बघा आणि पायलटशी खुणा ठरवून घ्या: खांद्यावर एक थाप म्हणजे धावा, दोन म्हणजे थांबा.

पाय सुटले की पायलट सांगेल तेव्हा गुडघे पोटाशी घ्यायचे आणि मागे सरकून झोळीत बसायचं. मांडीचे पट्टे काचत असतील तर तुम्ही नीट बसलेले नाही आहात. तसं सांगा, तो गुडघ्याने ढकलून बसवतो. बसायच्या धांदलीत वरचे पट्टे, दोऱ्या किंवा पायलटचे हात मात्र धरू नका. त्याच्या हातात ब्रेक, म्हणजे पंख वळवायच्या आणि हळू करायच्या दोऱ्या असतात आणि तुम्ही धरलेला पट्टा पंख वळवू शकतो.

वर गेल्यावर पंख ताशी 35 ते 40 किलोमीटरने पुढे जातो आणि शांत हवेत सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतो. म्हणजे 300 मीटर उंचीवरून निघालात आणि वर नेणारी हवा मिळाली नाही, तर पाच मिनिटांत खाली. तेवढंच पहिल्यांदा पुरे आहे. आई, तुला गच्चीच्या कठड्यापाशी गरगरतं, त्याची फार धास्ती घेऊ नकोस. पायाखाली जमिनीपर्यंत जोडलेली भिंत नसल्यामुळे बहुतेकांना वर तसं होत नाही. मळमळ मात्र होऊ शकते, विशेषतः थर्मलमध्ये गोल गोल फिरताना. तोंडाला पाणी सुटणं, जांभया, कपाळावर गार घाम ही तिची सुरुवात. तेव्हाच सांगा, संकोच करू नका; पायलट सरळ उडवतो आणि उतरायला घेतो. नजर लांब क्षितिजावर ठेवा, मोबाईलच्या पडद्यावर नको. रिकाम्या पोटी जाऊ नका, दीड-दोन तास आधी थोडं हलकं खा. गिरक्या नकोत, हे जमिनीवरच बजावून सांगा. जोरात घेतलेल्या गिरकीत शरीरावर वजनाच्या तिप्पट किंवा जास्त भार येऊ शकतो.

कधी खडबडीत हवेत पंखाची एक बाजू मिटते. चादर झटकल्यासारखा आवाज येतो, झोळी एका अंगाला कलते. पायलट दुसऱ्या बाजूला भार टाकतो, गरज पडली तर ब्रेक ओढतो, आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत पंख परत भरतो. तुम्ही त्या वेळी हलायचं नाही. ते जमलंच नाही तर राखीव पॅराशूट असतं, दोघांच्या वजनाला पुरेल असं. युरोपीय मानक त्याला सेकंदाला साडेपाच मीटरपर्यंतचा उतरायचा वेग मान्य करतं. हे दीड मीटर उंचीवरून उडी मारल्यासारखं होतं. जीव वाचतो, पण ठिसूळ हाडांना ते सोपं नाही. म्हणून आई, हाडांची घनता तपासलेली नसेल तर आधी तपास. ऑस्टिओपोरोसिस निघाला, तर तू खालून हात हलवायचास आणि बाबांनी उडायचं, यात मी भीड ठेवणार नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, गेल्या काही महिन्यांत डोळ्याचं, सांध्याचं किंवा हृदयाचं काही झालं असेल, तर डॉक्टरांना 'धावणं आहे आणि उतरताना धक्का बसू शकतो' असं स्पष्ट सांगून विचारा. नुसतं 'फिरायला जातोय' म्हटलंत तर ते हो म्हणतील.

उतरण्याचे दोन प्रकार. एकात जमीन जवळ आली की पायलट झोळीतून पुढे सरकून उभं व्हायला सांगतो आणि दोन-चार पावलं चालत थांबायचं असतं. दुसऱ्यात पाय समोर उचलून धरायचे आणि झोळीच्या बुडावर गवतात घसरत थांबायचं. गुडघे दुखणाऱ्याला दुसरा बरा पडतो, पण जमीन सपाट आणि मऊ हवी. कुठला करायचा ते उडायच्या आधी ठरवा. उभं राहायचं ठरलं तर गुडघे थोडे वाकलेले ठेवा. ताठ पाय खाली रोवले की घोटा मोडतो. उचलायचे ठरले असतील तर शेवटच्या क्षणी एक पाय खाली सोडू नका, सवयीने तो सुटतोच. टेकल्यावर पायलट सांगेपर्यंत एकही बकल सोडायचं नाही. पंखात वारा भरला तर तो परत ओढू शकतो.

कपड्यांचं थोडक्यात. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं आणि चेहऱ्यावर सतत वारा असतो, म्हणून जाकीट, पातळ हातमोजे, पूर्ण पँट. बूट घोट्याच्या वरपर्यंत यावेत आणि नाडीला धातूचे हूक नसावेत, त्यांत दोऱ्या अडकतात. ओढणी, स्कार्फ, लांब साखळी नको. चष्म्याला मागून दोरी बांधा. मोबाईल चेनच्या खिशात.

पायलटला विचारायचं ते असं. टँडमचा वेगळा परवाना आहे का? राखीव पॅराशूट उघडून पुन्हा घडी कधी घातली? वर्ष उलटून गेलं असेल तर दुसरा पायलट बघा. आज किती वाऱ्याला तुम्ही थांबता? याला आकड्यात उत्तर मिळायला हवं. आणि वजन खरं सांगा. समजा पंखाला 120 ते 220 किलो चालतं. त्यात पायलट 75, सामान 20 आणि आई, तू 58, म्हणजे 153, छान बसतं. वजन मर्यादेपेक्षा जास्त झालं तर उतरताना वेग वाढतो. कमी पडलं तर वाऱ्यात पंख ढिला राहतो आणि मिटायची शक्यता वाढते. म्हणून बाबा, दोघांनी जाकीट-बुटांसकट काट्यावर उभं राहून आकडे मला कळवा. हाडांच्या तपासणीचा कागद आला की तोही पाठवा. मग तारीख बघू, आणि एका तारखेला लागून दोन दिवस मोकळे ठेवू, म्हणजे वारा नसेल तर थांबता येईल.

तुमची लेक