सायलीस पत्र: अर्बानाचं ग्रंथालय कसं वापरायचं

अर्बाना, इलिनॉय

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद. आबांना आणि दादा-वहिनींना नमस्कार.

इथे इलिनॉय विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकायला येताना आणायच्या सामानाची तुझी यादी वहिनीनं पाठवली. त्यातली पाठ्यपुस्तकांच्या झेरॉक्सची ओळ आधी खोडून टाक. तेवीस किलोच्या दोन बॅगांत त्या ओझ्याला जागा देऊ नकोस. सिव्हिलला तर ती झेरॉक्स नुकसानही करू शकते. काँक्रीट बांधकामाच्या नियमांचा अमेरिकन कोड, एसीआय ३१८, दर काही वर्षांनी नवा निघतो, आणि २०१९ च्या आवृत्तीत शिअरची (कातर बलाची) सूत्रंच बदलली. जुन्या पुस्तकावरून सोडवलेलं गणित त्यामुळे इथे चुकीचं धरलं जाऊ शकतं. पुस्तकं इथे मिळतात. कशी मिळतात ते सविस्तर लिहिते, कारण फीमध्ये ज्याचे पैसे भरून झालेत तेच पुस्तक मुलं पुन्हा डॉलर मोजून विकत घेतात, याचं फार वाईट वाटतं.

तुझ्या कामाचं मुख्य ग्रंथालय म्हणजे ग्रेंजर इंजिनिअरिंग लायब्ररी. आय-कार्ड (विद्यापीठाचं ओळखपत्र) मिळालं आणि नेटआयडी (विद्यापीठाचं लॉगिन) सुरू झाला की वेगळं सभासदत्व घ्यावं लागत नाही. सिलॅबस हाती आला की त्याच दिवशी त्यातलं प्रत्येक पुस्तक कॅटलॉगमध्ये शोध, आवृत्ती जुळवून. प्राध्यापकांनी सांगितलं असेल तर एक प्रत काउंटरमागे 'रिझर्व्ह'ला ठेवलेली असते आणि कार्ड दाखवून थोड्या तासांपुरती मिळते. गृहपाठ द्यायच्या आदल्या संध्याकाळी सगळा वर्ग त्याच एका प्रतीसाठी येतो. म्हणून सकाळी जा, लागणारं प्रकरण ओव्हरहेड स्कॅनरवर स्कॅन कर आणि पुस्तक वेळेत परत दे. रिझर्व्हच्या पुस्तकाचे, लॅपटॉपचे आणि चार्जरचे नियम साध्या पुस्तकांपेक्षा कडक असतात. परत करायची वेळ बघूनच काउंटर सोड.

ई-पुस्तक दिसलं म्हणजे ते उघडेलच असं नाही. काही पुस्तकांचा परवाना एका वेळी एकाच किंवा तिघांनाच असतो. चौथ्याला 'वापरात आहे' एवढंच दिसतं. कारण बहुधा हेच की कुणीतरी टॅब उघडा ठेवून जेवायला गेलेलं असतं. वाचून झालं की साइटवरच्या बटणानं पुस्तक परत कर, नुसता टॅब बंद करू नकोस. तरीही अडलं तर ग्रंथपालांना कळव. परवाना वाढवता येतो, पण कुणी सांगितलंच नाही तर त्यांना कळणार कसं?

कपाटातलं पुस्तक शोधणं तुला अवघड नाही. इथल्या संग्रहाचा मोठा भाग अजून ड्युई पद्धतीनं, म्हणजे विषयाला दिलेल्या आकड्यांनुसार, लावलेला आहे, आपल्याकडच्या कॉलेजांसारखाच. आरसीसीचा वर्गांक ६२४.१८३४१. दशांशानंतरचा आकडा पूर्ण संख्या म्हणून वाचला की माणूस भलत्याच कपाटाशी जातो: ६२४.१८३४१ हे ६२४.२ च्या आधी येतं. वर्गांकाच्या आधी 'क्यू' असेल तर पुस्तक मोठ्या आकाराचं, ते वेगळ्या कपाटांत असतं. 'पुस्तक जागेवर नाही' अशा तक्रारींत या 'क्यू'चा वाटा असतोच. स्थळ 'ओक स्ट्रीट' दिसलं तर कपाटाशी जाऊच नकोस. ते साठवणीचं कोठार आहे. तिथे पुस्तकं विषयानं नाही, आकारानं लावलेली असतात. ऑनलाइन मागणी नोंदव आणि घ्यायला ग्रेंजर निवड.

आता सगळ्यात मोलाची सोय. इथे एक कोटी चाळीस लाखांहून अधिक ग्रंथ आहेत, तरी हवं ते नेमकं नसतंच. मग आधी 'आय-शेअर' बघ. त्यात इलिनॉयमधल्या अनेक महाविद्यालयांचा एकत्र कॅटलॉग आहे, आणि पुस्तक काही दिवसांत आपल्या काउंटरवर येतं. तिथेही नसेल तर इंटरलायब्ररी लोन. लेखाची पीडीएफ बहुधा एक-दोन दिवसांत येते, छापील पुस्तकाला आठवडा-दोन आठवडे धर. विद्यार्थ्याला यासाठी पैसे पडत नाहीत.

मागणी फसते ती अर्ज भरण्यात. लेख असेल तर डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक, दे. तो नसेल तर नियतकालिकाचं पूर्ण नाव, खंड, अंक, वर्ष, पानं. परिषदेतल्या निबंधाचं मात्र जपून कर. निबंधाचं शीर्षक पुस्तकाच्या रकान्यात टाकलं की त्या नावाचं पुस्तक कुठेच सापडत नाही आणि अर्ज परत येतो. पुस्तकाच्या रकान्यात परिषदेचं नाव आणि वर्ष, निबंध प्रकरणाच्या रकान्यात. आलेली पीडीएफ लगेच उतरवून ठेव, दुवा ठरावीक दिवसच चालतो. चालू सत्राची पाठ्यपुस्तकं मात्र या मार्गानं मागू नकोस. बरीच ग्रंथालयं ती देत नाहीत, आणि दिली तरी मुदत वाढेलच याचा भरवसा नाही.

खोलीवरून लेख उघडताना प्रकाशक तीस-चाळीस डॉलर मागतील. देऊ नकोस. तू थेट गूगलवरून तिथे गेलीस, म्हणून त्यांना तू अनोळखी. ग्रंथालयाच्या साइटवरून गेलीस की नेटआयडी विचारतात आणि तोच लेख उघडतो. गूगल स्कॉलरच्या सेटिंग्जमध्ये 'लायब्ररी लिंक्स' या भागात विद्यापीठाचं नाव टाकून खूण कर, म्हणजे निकालाशेजारीच दुवा दिसेल. एक गोष्ट कधीही करू नकोस: स्क्रिप्ट लावून शेकडो पीडीएफ एकदम उतरवणं. प्रकाशकाची यंत्रणा ते ओळखते, सगळ्या विद्यापीठाचा प्रवेश तोडू शकते, आणि शोध तुझ्या खात्यापर्यंत येतो.

संदर्भ साठवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून लाव. फुकट साठवण ३०० एमबी असते, पीडीएफनी ती लवकर भरते. म्हणून नोंदी सिंक कर आणि फाइली आपल्याच डिस्कवर ठेव. पदवी झाली की बहुतेक डेटाबेस बंद होतात, तेव्हा हाच साठा उरतो.

विषयाच्या ग्रंथपालांची वेळ घे. सगळे याला लाजतात, तू लाजू नकोस. जाण्याआधी दोन ओळींत विषय, वापरून पाहिलेले शब्द आणि आवडलेला एक लेख पाठव. अर्ध्या तासात स्कोपस या शोधलेखांच्या डेटाबेसमध्ये कसं शोधायचं ते ती व्यक्ती तुझ्याच विषयावर करून दाखवेल. इंग्रजी लेखनाला रायटर्स वर्कशॉप आहे. तिथे लेखन सुधारून देत नाहीत, शेजारी बसून कसं सुधारायचं ते दाखवतात.

मोठी मुलं तुला अंडरग्रॅड लायब्ररीबद्दल सांगतील. ती २०२२ मध्ये बंद झाली, इमारत दुर्मीळ ग्रंथ आणि अभिलेखांसाठी द्यायची ठरली. दादाला मात्र तिच्याबद्दल जरूर सांग: १९६९ ची ती इमारत जमिनीखाली बांधली, कारण शेजारच्या १८७६ पासूनच्या प्रायोगिक मक्याच्या शेतावर सावली पडू द्यायची नव्हती.

आबांसाठी थोडं. मराठी पुस्तकं मेन लायब्ररीत आहेत, मराठी साहित्य ८९१.४६ ला. जुन्या नोंदी पुष्कळदा फक्त रोमन लिपीत असतात, म्हणून देवनागरीत शोधून काही आलं नाही तर पुस्तक नाही असं समजू नकोस. रोमन लिपीत 'च' साठी नुसतं 'सी' अक्षर, 'सी-एच' म्हणजे 'छ'. शेवटचा अ लिहायचा: 'इतिहास' शोधताना 'एस' पुढे 'ए' हवाच. 'वाचन'चंही तसंच. अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबं सोडलीस तरी चालतं. आबांच्या पिढीनं रेशनवर जो अमेरिकन गहू खाल्ला, त्याच्या किमतीचे रुपये अमेरिकेनं भारतातच खर्च केले, आणि त्यांतूनच १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं इथल्या निवडक ग्रंथालयांत येऊ लागली.

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या साइटला तर कार्डही लागत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश तिथे शब्द टाकून शोधता येतात. निघण्यापूर्वी आबांच्या फोनवर ती साइट उघडून ठेव आणि देवनागरी कीबोर्ड लावून दे.

सिलॅबस आला की पुस्तकांची नावं आणि आवृत्त्या मला पाठव.

तुझी,
मंजूआत्या