आधी लॉग घ्या, मग अनइन्स्टॉल सांगा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘अ‍ॅप अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका’ हे हेल्पलाइनचे उत्तर ऐकून ऐकून लोक विटले आहेत. मी ऐरोलीत राहतो, मोबाइल अ‍ॅप बनवणे हाच माझा धंदा. म्हणून सांगतो, हा सल्ला म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणे. अ‍ॅप काढले की त्याने स्वतःच्या जागेत ठेवलेल्या फायली पुसल्या जातात. लॉग, म्हणजे अ‍ॅपमध्ये केव्हा काय झाले याची नोंद, असलाच तर तोही त्यात जातो.

आमच्या इमारतीतल्या एका काकांनी घरून निघता निघता अ‍ॅपवर बिल भरले आणि लिफ्टमध्ये शिरले. खात्यातून पैसे गेले, अ‍ॅपवर मात्र थकबाकी तशीच. हेल्पलाइनने स्क्रीनशॉट मागितला. त्यात काय दिसणार, गोल फिरणारे चक्र! आतला प्रकार लॉगच सांगतो : ‘१९:४२:०७ विनंती पाठवली. १९:४२:०९ वायफाय तुटले. १९:४२:३९ उत्तर नाही, मुदत संपली.’ अशा तीन ओळी हातात आल्या तर दोष कुठे शोधायचा ते कळते. ऑफिसच्या वायफायवर बसून तो कधी दिसतच नाही.

अँड्रॉइडचा स्वतःचा लॉग असतो, पण तो मेमरीत. नव्या ओळी आल्या की जुन्या जातात, आणि फोन रीस्टार्ट केला की सगळेच गेले. (रीस्टार्ट हा हेल्पलाइनचा दुसरा आवडता सल्ला.) तो काढायचा तर डेव्हलपर ऑप्शन्स, यूएसबी डिबगिंग, केबल... काकांना हे फोनवर कोण समजावणार?

त्यापेक्षा अ‍ॅपनेच एक-दोन एमबीची फाइल ठेवावी. भरली की जुन्या नोंदी काढाव्यात. ‘मदत’ पानावर ‘लॉग पाठवा’ असे बटण हवे, पाठवण्याआधी फाइल वाचता यावी आणि आपणहून काहीही बाहेर जाऊ नये. ओटीपी, कार्ड क्रमांक, लॉगिनचे टोकन (लॉगिन केल्याची गुप्त खूण) त्यात लिहायचेच नाही. सर्व्हरचे अख्खे उत्तर जसेच्या तसे लॉगमध्ये ओतणारे सहकारी मी पाहिले आहेत. तो निव्वळ आळस. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हाही संमतीने आणि कामापुरतीच माहिती घ्या, असेच सांगतो.

पालिका, वीज, परिवहन यांची अ‍ॅप करून घेणाऱ्यांनी ही अट निविदेतच घालावी. आणि हेल्पलाइनवरच्या मुलामुलींना दिलेल्या प्रश्नांच्या कागदावर पहिला प्रश्न ‘लॉग पाठवलात का?’ असा असावा.

— एक अ‍ॅप विकसक, ऐरोली, नवी मुंबई