घर विकले म्हणून सवलत बुडत नाही

संपादक महोदय,

भारतात मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर १९८५ सालीच गेला. त्यामुळे ब्रिटनमध्ये आई किंवा वडील वारले की तिथल्या वारसा कराचे कागद भरताना मुलांची तारांबळ उडते. त्यातली एक समजूत फार महागात पडते: ‘आई शेवटी केअर होममध्ये होती, घर आधीच विकलेले, म्हणजे घरावरची सवलत गेली.’ ती गेलेली नसते.

तिथे प्रत्येकाची ३,२५,००० पौंडांपर्यंतची मालमत्ता करमुक्त असते. राहते घर मुला-नातवंडांना गेले तर घराच्या किमतीच्या मर्यादेत आणखी १,७५,००० पर्यंत सूट मिळते. तिला रेसिडेन्स निल-रेट बँड म्हणतात. आधी वारलेल्या जोडीदाराचा न वापरलेला हिस्साही दोन्हींत जोडता येतो. उरलेल्यावर साधारण ४० टक्के कर. घर ८ जुलै २०१५ला किंवा त्यानंतर विकले, देऊन टाकले किंवा मोठे विकून लहान घेतले असेल, तर हुकलेली सूट ‘डाउनसायझिंग अ‍ॅडिशन’ म्हणून मागता येते. मात्र त्या घरात मृत व्यक्ती स्वतः कधीतरी राहिलेली हवी. नुसता भाड्याने दिलेला फ्लॅट चालत नाही.

हिशेब टक्क्यांत होतो, आणि इथेच लोक अडखळतात. समजा, एका विधवेने ऑक्टोबर २०१८मध्ये घर २,००,००० पौंडांना विकले. पती २०१० साली वारले, सर्व काही तिलाच देऊन. विक्रीच्या वर्षी ही सूट १,२५,००० होती. पतीची धरून २,५०,०००. म्हणजे घराची किंमत सवलतीच्या ८० टक्के. ती २०२४मध्ये वारली तेव्हा दोघांची मिळून सूट ३,५०,०००; तिचे ८० टक्के २,८०,०००. घर गेले दोन लाखांना आणि सूट त्याहून जास्त, हे विचित्र वाटते, पण नियम तसाच आहे. मागे ९,००,००० पौंड राहिले आणि ते सगळे मुलांना गेले, तर दोघांची मूळ करमुक्त मर्यादा ६,५०,००० अधिक २,८०,००० मिळून कर शून्य. दावा केला नाही, तर १,००,००० पौंडांचा भुर्दंड.

विक्रीचेच पैसे शिल्लक असायला हवेत असे नाही. ठेवी, शेअर, काहीही चालते. पण सूट जेवढी मालमत्ता मृत्यूनंतर थेट वंशजांना मिळते, तेवढ्यापुरतीच. सावत्र व दत्तक मुले, सुना-जावई यांत येतात, भाचे-पुतणे नाहीत. आईने हयातीतच पैसे वाटून टाकले असतील तर ते यात धरत नाहीत. मृत्युपत्राने पैसा डिस्क्रिशनरी ट्रस्टमध्ये (कोणाला किती द्यायचे हे ट्रस्टी ठरवतात असा ट्रस्ट) गेला, तर तो नातवंडांसाठी असला तरी सूट नाकारली जाते. ट्रस्टींनी दोन वर्षांच्या आत तो मुलांच्या नावे केला तर ती वाचू शकते. मालमत्ता २० लाख पौंडांच्या वर असेल, तर वरच्या दर दोन पौंडांमागे एक पौंड सूट घटते.

दावा आपोआप होत नाही. आयएचटी ४०० या वारसा कराच्या मुख्य फॉर्मसोबत आयएचटी ४३५ जोडावा लागतो, जोडीदाराच्या घरावरच्या सवलतीसाठी आयएचटी ४३६. ‘घर नाही’ म्हणून ४३५ कोरा ठेवणे ही नेहमीची चूक. मुदत मृत्यूचा महिना संपल्यापासून दोन वर्षे. कर मात्र सहा महिन्यांतच भरावा लागतो. घर विकतानाचे सॉलिसिटरचे (वकिलाचे) कम्प्लिशन स्टेटमेंट, म्हणजे व्यवहाराचा अंतिम हिशेब, आणि तिथे राहिल्याचा पुरावा म्हणून कौन्सिल टॅक्सची (तिथल्या घरपट्टीची) बिले आईवडील हयात असतानाच एका फाइलीत लावून ठेवावीत.

आपला,
एक वाचक