चढणीचे मासे

पोर्ट अँजेलिस, वॉशिंग्टन राज्य
५ ऑक्टोबर २०२५

ती. तात्यांस,
सुमनचा शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं नदी आहे का गं?" मी "आहे की" म्हटलं आणि नेमकी रेंज गेली. नंतर वाटलं, बरंच झालं. ही गोष्ट फोनवर सांगून होणारी नव्हे. आईला वाचून दाखवा, आणि घाई करू नका, पत्र लांबणार आहे.

नदीचं नाव एल्वा. लांबी ७२ किलोमीटर, म्हणजे आपल्या भीमेपुढे ओढाच म्हणायचा. ऑलिंपिक नावाच्या डोंगरांत बर्फाच्या पाण्यावर उगम पावते, दाट जंगलातून आणि अरुंद घळींतून उत्तरेला धावते आणि हुआन दे फुकाच्या सामुद्रधुनीत समुद्राला मिळते. मुखाशी उभं राहिलं की समोर कॅनडाचे डोंगर दिसतात. पाणलोट जवळपास ८३० चौरस किलोमीटरचा, आणि त्यातले पाचात चार हिस्से राष्ट्रीय उद्यानात. त्यामुळे वरच्या अंगाला ना शेत, ना कारखाना, ना गाव. पाणी इतकं गार की हात घातला तर बोटं दुखायला लागतात.

काल शनिवारी सुट्टी होती म्हणून नदीवर गेले. वळणावर पाणी गुडघाभर होतं आणि तळाचे गोटे मोजता येतील इतकं स्वच्छ. पहिल्यांदा मला वाटलं, पाण्यात ओंडका अडकलाय. मग ओंडका हलला. चिनूक जातीच्या सामन माशाची मादी होती, माझ्या मांडीएवढी जाड. शेपटीची कातडी झिजून पांढरी पडलेली, पाठीवर बुरशीचे डाग. ती कुशीवर वळायची, शेपटीने तळाचे गोटे बडवायची, चार-पाच फटके मारायची आणि दमून थांबायची. गढूळ झालेलं पाणी निवळलं की पुन्हा वळायची. असं करत तिने आपल्या न्हाणीएवढा खळगा केला होता. मी तासभर बसून होते. दोन नर आजूबाजूला घिरट्या घालत होते. अंडी घालून झाली की ती वरून पुन्हा गोटे लोटते आणि थोड्या दिवसांत मरते.

तात्या, मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आलं की तुम्ही चढणीचे मासे धरायला पळायचात, ते तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलंय. हेही चढणीचेच मासे. फक्त यांची चढण समुद्रातून सुरू होते. पिल्लू नदीत जन्मतं, समुद्रात जातं, तिथं काही वर्षं राहून मोठं होतं आणि वासावरून आपल्या जन्माच्या नदीत परत येतं. गोड्या पाण्यात शिरल्यावर खाणंपिणं बंद. अंगातलं सगळं मांस जाळत वर चढायचं, अंडी घालायची आणि देह नदीलाच द्यायचा. तो देह मग अस्वलं खातात, गरुड खातात, पाण्यातले किडे खातात, आणि उरलेलं जंगलाच्या मुळांना जातं. समुद्राचं खत डोंगरावर नेणारं दुसरं फारसं कोणी नाही.

आता मुख्य गोष्ट. काल मी जिथं बसले होते, तिथं शंभर वर्षं एकही समुद्राचा मासा पोहोचला नव्हता.

१९१० साली थॉमस ऑल्डवेल नावाच्या माणसाने मुखापासून आठ किलोमीटरवर धरण बांधायला घेतलं. वीज काढायची आणि गाव, गिरण्या उभ्या करायच्या, हे त्याचं स्वप्न. भिंत ३३ मीटर उंच, पण पाया खालच्या खडकापर्यंत नेलाच नव्हता. १९१२ च्या ऑक्टोबर अखेरीला पाणी भिंतीच्या खालून फुटलं आणि लोंढा खालच्या वस्तीत घुसला. पुढे खडक, माती आणि फर झाडाच्या फांद्यांच्या गाद्या टाकून ते भगदाड बुजवलं आणि १९१३ मध्ये वीज सुरू केली. मासे चढतात त्या नदीवरच्या धरणाला माशांसाठी वाट ठेवलीच पाहिजे, असा राज्याचा कायदा तेव्हाही होता. वाट ठेवली नाही. तिच्या बदल्यात मत्स्यबीज केंद्र काढायचं ठरलं, आणि तेही १९२२ पर्यंत बंद पडलं. १९२७ ला आणखी वर, ग्लाइन्स कॅन्यनच्या घळीत, ६४ मीटरचं दुसरं धरण उभं राहिलं. दोन्हींची मिळून वीज २८ मेगावॉटच्या आसपास, आणि ती बरीचशी कागद गिरणीला जायची.

त्या आधी या नदीत दरवर्षी सुमारे चार लाख मासे चढत असावेत, असा अंदाज आहे. पॅसिफिक सामनच्या पाचही जाती इथं होत्या, आणि ४५ किलोपर्यंतच्या चिनूकच्या गोष्टी अजून सांगतात. धरणांनंतर उरले तीन-चार हजार, तेही भिंतीखालच्या आठ किलोमीटरमध्ये अडकलेले. भिंतीला डोकं लावून घिरट्या घालणारे मासे बघितलेले लोक इथं आहेत.

नदी ज्यांची होती ते इथले आदिवासी, क्लॅलम लोक. माझ्याबरोबर लॅबमध्ये काम करणारी एक बाई क्लॅलम आहे. तिच्यामुळेच मला हे सगळं कळत गेलं. १८५५ च्या तहात या लोकांनी जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. तरी आपल्याच नदीत जाळं टाकलं म्हणून त्यांना पकडून नेत. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला, की धरता येतील त्यातले निम्मे मासे तह केलेल्या जमातींचे. हक्क मिळाला, पण तोवर एल्वात धरायला मासे राहिले नव्हते. आणि धरणाने त्यांचं आणखी एक बुडवलं. क्लॅलम लोक मानतात की देवाने पहिली माणसं या नदीच्या काठी घडवली. खडकात विणलेल्या टोपल्यांसारखे दोन खळगे आहेत, ती जागा. तरुण पोरं तिथं उपास करून जायची आणि खळग्यात हात घालून जे हाती येईल त्यावरून पुढचं आयुष्य ओळखायची. खालचं धरण भरलं आणि ती जागा पाण्याखाली गेली.

इथे माझा हात थांबला होता, तात्या. मला उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं आपलं गाव आठवलं.

ही माणसं गप्प बसली नाहीत. जमातीने आणि नदीची काळजी असलेल्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि १९९२ साली अमेरिकेच्या संसदेने नदी पूर्ववत करायचा कायदा केला. त्यानंतरही पैसे, परवाने, पोर्ट अँजेलिसच्या पिण्याच्या पाण्याची सोय यात जवळजवळ वीस वर्षं गेली. सप्टेंबर २०११ मध्ये भिंती फोडायला सुरुवात झाली. एकदम नाही फोडल्या. वरून थोडी भिंत कापायची, तळं थोडं उतरू द्यायचं, मासे चढायच्या दिवसांत काम थांबवायचं. खालचं धरण मार्च २०१२ पर्यंत गेलं. वरच्याचा शेवटचा तुकडा २६ ऑगस्ट २०१४ ला सुरुंगाने उडवला.

त्या सगळ्यात मोठा प्रश्न होता गाळाचा. तुम्हाला गाळ समजावून सांगायची गरज नाही. दोन तळ्यांत मिळून २ कोटी १० लाख घनमीटर गाळ साठला होता. तो सुटला तेव्हा नदी सिमेंटच्या घोळासारखी वाहत होती म्हणे. पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात पाला आणि गाळ अडकला आणि वरच्या धरणाचं काम कित्येक महिने थांबवावं लागलं. मासे गुदमरतील म्हणून लोक धास्तावले होते. पण तोच गाळ मुखाशी गेला. शंभर वर्षं वाळू न मिळाल्यामुळे तिथला किनारा लाटांनी खाऊन टाकला होता, नुसते मुठीएवढे गोटे राहिले होते. लॅबमधली माझी ती क्लॅलम मैत्रीण मला तिथं घेऊन गेली. आता मऊ काळसर वाळू आहे, मध्ये उथळ डबकी, त्यात खेकड्याची पिल्लं. शंभर एकरांहून जास्त नवी जमीन नदीने आणून टाकली. ती चप्पल काढून चालत होती. म्हणाली, "माझ्या आजीने सांगितलेला किनारा हा. मी लहानपणी पाहिला नव्हता."

तळ्यांच्या रिकाम्या तळात याच खोऱ्यातलं बी गोळा करून तीन लाखांहून जास्त रोपं लावली. जाड वाळूच्या भागात काही तग धरेना, तिथं ल्युपिन नावाच्या निळ्या फुलांच्या झुडपाने जम बसवला. हरभऱ्याच्या जातीतलं आहे, मुळांवर गाठी धरून जमिनीला नत्र देतं. त्या तळातून चालताना मला उन्हाळ्यात उजनी उतरल्यावर केलेली आपली गाळपेर आठवत होती. भेगाळलेल्या चिखलातून वर आलेला हिरवा पोपटी रंग अगदी तसाच.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. धरणं झाली तेव्हा स्टीलहेड जातीचे काही मासे वरच्या बाजूला अडकले. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन येणारा ट्राउट मासा. समुद्राची वाट बंद झाल्यावर ते तिथंच राहिले, लहान अंगाचे नदीतले रेनबो ट्राउट म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जगले. शंभर वर्षांत त्यांच्यातला एकही समुद्र पाहून परत आला नव्हता. भिंती गेल्या आणि त्यांची पिल्लं खाली निघाली. समुद्रात गेली, मोठी झाली आणि परत आली. उन्हाळ्यात चढणारा स्टीलहेड या नदीतून जवळजवळ संपला होता. तो आता वरच्या घळींमध्ये दिसतो, आणि अभ्यासकांनी तपासलं तर त्याचं मूळ त्या कोंडलेल्या ट्राउटमध्ये निघालं. कोणी त्यांना वाट दाखवली नव्हती. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरी येऊन रडले.

सगळंच सुरळीत झालंय असं नाही. चिनूक अजून बरेचसे मत्स्यबीज केंद्रातले आहेत, आणि पिंक, चम या सामनच्या जाती फारशा सावरल्या नाहीत. पण २०११ पासून बंद ठेवलेली मासेमारी २०२३ च्या पानगळीत क्लॅलम लोकांसाठी थोडी उघडली. कोहो जातीचे मोजके सामन, घरी खायला आणि विधीला. माझ्या मैत्रिणीच्या भावाने एक धरला. त्यांच्याकडे जुनी म्हातारी माणसं त्याचा तुकडा हातात घेऊन बसली होती, असं तिने सांगितलं. इथं डिपर नावाचा एक करडा, गुबगुबीत पक्षी आहे, वाहत्या पाण्यात बुडी मारून तळावरून चालतो. जिथं सामन पोहोचतात तिथल्या डिपरच्या माद्या अंगाने भरलेल्या असतात आणि वर्षातून दोनदा पिल्लं काढण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त असतं.

तात्या, मी हे लिहितेय म्हणून उजनी फोडा म्हणतेय असं समजू नका. एल्वाच्या धरणांवर कोणाची शेती नव्हती. उजनीवर सोलापूर जिल्ह्याची तहान आहे, आपल्या मामांचा ऊस आहे. तुम्ही स्वतः मला सांगितलं होतं, की आपली मळई गेली पण त्या पाण्यावर किती घरं उभी राहिली. तुम्ही ते कडू तोंडाने कधी बोलला नाहीत. फक्त पळसनाथाचं देऊळ पाणी उतरून उघडं पडलं की तुम्ही दिवसभर जेवत नाही, हे आईने मला २०२४ च्या उन्हाळ्यात सांगितलं.

म्हणून एक मागणं आहे. क्लॅलम लोकांची ती दोन खळग्यांची जागा २०१२ मध्ये तळं रिकामं झाल्यावर सापडली. सापडली ती कशी? शंभर वर्षं कोणी पाहिली नव्हती, पण म्हाताऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, कोणत्या वळणावर, कोणत्या कड्याखाली. ते ऐकलेले लोक चिखलात उतरले आणि खडकाशी जाऊन उभे राहिले. क्लॅलम ही मायबोली असलेल्या शेवटच्या आजी, हेझल सॅम्पसन, २०१४ च्या फेब्रुवारीत वारल्या, वय १०३. पण त्यांची भाषा इथल्या हायस्कुलात शिकवतात, आणि नदीच्या वळणांची नावं पोरं अजून त्याच भाषेत घेतात.

आपल्या गावच्या नदीची नावं तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहेत? दादाला नाहीत, मला नाहीत. धाकटीला सांगितलंय, ती दोनशे पानी वही आणून देईल. लिहायला हात थरथरत असेल तर तुम्ही सांगा, ती लिहील. घाटापासून सुरू करा. बायकांचा पाणवठा कुठं होता, होडी कुठं लागायची, वाम कोणत्या कपारीत सापडायची, आजोबांनी तुम्हाला पोहायला कुठल्या डोहात ढकललं, मळईतल्या कलिंगडाच्या वाड्या कोणाच्या होत्या. दोन डोहांच्या मध्ये चालत किती वेळ लागायचा तेही लिहा. क्रम लागला नाही तरी चालेल, मी इथं नकाशावर लावीन.

दिवाळीत रोज संध्याकाळी फोन करीन. तुमच्या बी.पी.च्या गोळ्या संपायच्या आत आणायला सांगा. आईचा गुडघा कसा आहे ते कळवा. तिला माझा नमस्कार.

तुमची,
सुमन