लाल बटणाबद्दल, सुध्यास

प्रिय सुध्या,

शिव्या आधी देऊन घे, मग पुढे वाच. तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही, कारण हे मेसेजमध्ये मावणारं नव्हतं आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस. प्रकृती बरी आहे. गुडघा आहे तसाच. नीला मजेत.

आरव्हीतला, म्हणजे आमच्या राहायच्या-फिरायच्या गाडीतला, फ्रिज मेला. गॅसवर चालेना, विजेवर चालेना, पॅनेलवर एक दिवा लागेना. तुझंच म्हणणं आठवलं, दोन्हीकडून एकदम गेलं की आधी सामाईक काय ते बघायचं. सामाईक म्हणजे कंट्रोल बोर्डाची १२ व्होल्टची लाइन. फ्यूज शाबूत होता. मग बाहेरून मागची जाळी काढली आणि बॉयलरच्या पत्र्यावर बसवलेल्या थर्मल स्विचपर्यंत (फार तापलं की वीज तोडतो तो) पोचलो. एका टोकाला १२ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला शून्य. वायरी काढून मल्टिमीटर लावला. मधलं लाल रिसेट बटण दाबून धरलं की बीप वाजायचा, म्हणजे आतून जोडणी व्हायची, बोट उचललं की बंद. तेही सगळं गार असताना. तपासणीपुरत्या दोन्ही वायरी जोडून पाहिल्या, तर पॅनेल लगेच जिवंत.

मन्या शेजारीच उभा होता. म्हणाला, "मग राहू दे की तशाच जोडलेल्या!" सुध्या, अगदी तुझाच थाट. हॉस्टेलच्या फ्यूजमध्ये जाड तार घालून "आता जन्मात उडणार नाही" म्हणाला होतास तो. फ्यूज खरंच उडला नाही. बोर्ड जळला, आणि भिंतीवरचा काळा डाग झाकायला माझं कॅलेंडर गेलं. ते कॅलेंडर तू अजून भरून दिलेलं नाहीस.

तू जन्मभर कॉम्प्रेसरवाला, म्हणून थोडं सांगतो, रागावू नकोस. यात कॉम्प्रेसर नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन एका बंद नळीत भरलेले असतात. बॉयलरखाली ज्योत किंवा हीटर. अमोनिया उकळून वर चढतो, थंड होऊन द्रव होतो, हायड्रोजनमध्ये शिरून वाफ होताना फ्रिजमधली उष्णता घेतो आणि परत पाण्यात विरतो. हलणारा भाग एकही नाही, द्रव आपल्या वजनानेच खाली उतरतो. (आणि नाही, ही आइनस्टाइनची आयडिया नव्हे. फॉन प्लाटेन आणि मुंटर्स हे स्टॉकहोमचे दोन विद्यार्थी, १९२२. आइनस्टाइन आणि झिलार्डचा फ्रिज वेगळा, त्याचं अमेरिकन पेटंट १९३० चं. आता तरी हा वाद सोड.)

गाडी तिरकी असली की द्रव मध्येच अडतो, बॉयलर कोरडा तापतो. पाण्यात गंज रोखायला सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. ते अति तापलं की खडे धरून नळीत बसतं आणि मग काही केल्या विरघळत नाही. अशा उष्णतेने नळी कमजोर होऊन फुटली, तर शेजारी ज्योत आणि बाहेर हायड्रोजन. आरव्हींना आगी लागतात त्या अशाही. स्विच असतो तो हे व्हायच्या आधी १२ व्होल्ट तोडायला. बोर्ड मेला की गॅसचा व्हॉल्व्हही मिटतो, हीटरही बंद.

बदलण्याचं काम म्हणशील तर काहीच नाही. गॅस बंद, वीज बंद, बॅटरी सोडवली, दोन स्क्रू, दोन कनेक्टर. एक कनेक्टर सैल होता, तो नवा दाबून बसवला. नवा स्विच जुन्याच्या पाठीवर छापलेल्या तापमानाचाच घेतला. दुकानदार "थोडा वरचा घ्या, सारखा तुटणार नाही" म्हणत होता. तुझे नातेवाईक सगळीकडे आहेत.

फ्रिज रात्रभर चालवला, सकाळी आत छान गार. तरी मला झोप नाही, कारण जुना स्विच म्हातारपणाने गेला की बॉयलर खरंच अति तापल्याचं सांगून गेला, हे कळायला मार्ग नाही. छपरावरच्या झाकणाखाली पक्ष्याचं घरटं सापडलं, गरम हवेची निम्मी वाट त्याने अडवली होती. शिवाय मन्याने गाडी उतारावर लावली होती. त्याच्या मते तो उतार नव्हताच. मी लेव्हल लावून दाखवली, तर म्हणे लेव्हलच वाकडी. आता घरटं काढलंय, धुराडं झाडलंय, ज्योत निळी आहे. अमोनियाचा वास नाही, नळ्यांवर पिवळी पूड नाही. नव्या स्विचशेजारी मल्टिमीटरचा तापमानाचा सेन्सर चिकटवून ठेवला होता. आकडा छापलेल्याच्या बराच खाली राहतो.

पण हे सगळं सपाटीवर आणि मोकळ्या हवेत. गाडी उतारावर होती तेव्हा नळीच्या आत काय झालं, किती खडे बसले, ते बाहेरून कसं दिसणार? मुद्दाम पुन्हा तिरकी लावून बघावी असं मनात येतं, पण उरलीसुरली नळी त्यातच जायची. नीला म्हणते, बघ की, मात्र त्या रात्री आत तू एकटा झोप.

चिन्मयीचं ठरलं हे मन्याकडून कळलं. अभिनंदन, तारीख कळव, आम्ही दोघंही येऊ. वहिनींची बदली झाली का? तुझा नवा साहेब कसा आहे, ते सविस्तर लिही.

तर सांग, रात्री आम्ही आत झोपलेलो असताना हा फ्रिज चालू ठेवू की नको? सध्या झोपताना बंद करतो, दार उघडत नाही, सकाळी परत लावतो. "काढून टाक आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला बसव" हे तू म्हणणारच. म्हण, पण मग तो चोवीस तासांत बॅटरीतून किती अँपिअर-तास खातो हेही लिही. कंपनीच्या कागदावरचा आकडा नको, तू स्वतः मोजलेला.

तुझा,
बाळ्या