विमाधारकाचे कागद आणि राज्याची जबाबदारी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेली बावीस वर्षे मी सांगली-मिरज परिसरात विमा प्रतिनिधी म्हणून काम करतो. विमाधारकांच्या खासगी माहितीच्या सुरक्षिततेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर आणि परदेशातले हॅकर यांच्याभोवतीच फिरते. माझ्या रोजच्या कामात मात्र ही माहिती कंपनीपर्यंत पोहोचण्याच्या आधीच, आपल्याच गावात, आपल्या डोळ्यांसमोर फुटताना मी पाहतो. त्याविषयी राज्य शासनाला बरेच काही करता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात माझ्या एका ग्राहकाच्या पत्नीची मिरजेत शस्त्रक्रिया झाली. रुग्णालय कंपनीच्या यादीत नसल्याने कॅशलेस मिळाले नाही, तेव्हा आधी बिल भरायचे आणि मग क्लेमची फाइल पाठवायची, असे ठरले. डिस्चार्ज कार्ड, बिले, तपासण्यांचे रिपोर्ट, आधार, पॅन आणि कॅन्सल केलेला चेक असा गठ्ठा घेऊन आम्ही तिघे रुग्णालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. काही रिपोर्ट मोबाईलवर होते. दुकानदाराने भिंतीवर चिकटवलेल्या नंबराकडे बोट दाखवून, "याच्यावर व्हॉट्सअ‍ॅप करा," असे सांगितले. समोरच्या संगणकावर ते व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांना दिसेल असे उघडेच होते आणि डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आधी येऊन गेलेल्या रुग्णांची डिस्चार्ज कार्डे, आधार कार्डे, पासबुकाची पहिली पाने नावानिशी ओळीने पडलेली होती. हे पुसत का नाही, असे विचारल्यावर तो अगदी सरळपणे म्हणाला, "परत कोणी प्रिंट मागायला आलं तर असू दे म्हणून ठेवतो." त्याच्या बोलण्यात कसलाही कपटीपणा नव्हता. पण शेजारी उभ्या असलेल्या त्या वहिनींनी ते ऐकले, पडद्याकडे एकदा पाहिले, आणि हातातला बायोप्सीचा रिपोर्ट परत पिशवीत घालत नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "हा एवढा नको इथं." तो रिपोर्ट दिल्याशिवाय क्लेम पुढे जाणार नव्हता. शेवटी मी तो घरी आणून माझ्या स्कॅनरवर स्कॅन केला.

ज्या ग्राहकांच्या सोबत कोणी नसते त्यांनी काय करायचे? १८९४ साली डॉ. विल्यम वान्लेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केल्यापासून हे गाव दुरून येणाऱ्या रुग्णांचे झाले आहे. जत, आटपाडीपासून कर्नाटकातल्या गावांपर्यंतचे लोक इथे उपचाराला येतात. त्यांची फाइल आधी रुग्णालयातल्या टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या) टेबलावर, तिथून झेरॉक्सच्या दुकानात, मग कुरिअरच्या पोत्यात किंवा माझ्यासारख्या प्रतिनिधीच्या पिशवीत जाते आणि शेवटी कंपनीच्या कार्यालयात पोहोचते. या वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामी तिची एखादी प्रत मागे राहते, आणि त्या प्रतीची नोंद कोणाकडेही नसते.

अशा माहितीचे पुढे काय होते, याचेही एक उदाहरण देतो. तासगाव तालुक्यातल्या माझ्या एका वयस्कर शेतकरी ग्राहकाला फोन आला. बोलणाऱ्याने पॉलिसीचा नंबर, हप्त्याची तारीख आणि वारसदार म्हणून लावलेल्या सुनेचे नावसुद्धा बरोबर सांगितले, आणि बोनस अडकला आहे, तो सोडवण्यासाठी आधी ठरावीक रक्कम भरावी लागेल, असे सांगून पैसे मागितले. विमा नियामक प्राधिकरण अशा फोनपासून सावध राहण्याचे आवाहन वर्षानुवर्षे करत आहे. प्राधिकरण स्वतः कोणाला बोनस वाटत नाही की पॉलिसी विकत नाही. हे मीच त्या काकांना दोनदा सांगितले होते. तरीही त्यांनी पैसे भरले, कारण, त्यांच्याच शब्दांत, "सुनेचं नाव घरच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?" त्यांच्या भोळेपणाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण ते नाव त्यांनी विश्वासाने ज्या फॉर्मवर लिहून दिले होते त्याच फॉर्ममधून ते कुठेतरी बाहेर पडले होते.

आता कायद्याचे पाहू. गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने न्या. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. माहितीच्या सुरक्षेत कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. हे पाऊल मोलाचे आहे. पण आमच्या अनुभवाच्या कसोटीवर त्यात दोन मोठ्या फटी राहतात. हा कायदा डिजिटल स्वरूपातल्या किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाच लागू होतो, त्यामुळे क्लेमची जी फाइल कागदावरच राहते आणि कागद म्हणूनच रद्दीत जाते ती त्याच्या कक्षेबाहेर आहे. शिवाय वसूल झालेला दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती त्यातले काही येत नाही. नुकसान झालेल्या व्यक्तीला भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ४३-अ होते, तेही वगळण्याची तरतूद याच कायद्याने केली आहे, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

मग राज्याने कायदा करावा, असे म्हटले की लगेच उत्तर येते की विमा हा केंद्राचा विषय आहे. ते खरेच आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, संघसूचीतल्या ४७ व्या नोंदीत विमा आहे. अमेरिकेत याच्या उलट स्थिती आहे. तिथे १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यानुसार विम्याचे नियमन राज्यांकडे राहिले, आणि कॅलिफोर्नियाने १९८० मध्येच विमाधारकांच्या माहितीच्या गोपनीयतेसाठी स्वतंत्र कायदा केला. कंपनीकडे आपल्याविषयी काय नोंदले आहे ते पाहण्याचा आणि चूक असल्यास दुरुस्तीची मागणी करण्याचा अधिकार त्याने ग्राहकाला दिला, विमा नाकारल्यास कारण विचारण्याची सोय केली, आणि आपण कोण आहोत हे लपवून किंवा खोटा बहाणा करून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ग्राहकाची माहिती काढण्याला मर्यादा घातल्या. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद संमतिपत्राची आहे. ते सोप्या भाषेत हवे, त्यावर तारीख हवी, माहिती कोणाकडून आणि कशासाठी घेतली जाणार ते त्यात लिहिलेले हवे, आणि त्याला मुदत हवी. आयुर्विमा व आरोग्यविम्याच्या प्रस्तावासाठी ती जास्तीत जास्त तीस महिने आहे. मी ग्राहकांपुढे सहीसाठी जे फॉर्म ठेवत आलो त्यांत "कोणताही डॉक्टर, कोणतेही रुग्णालय माझी माहिती कंपनीला देऊ शकेल," अशा अर्थाचे एक वाक्य बारीक अक्षरांत असते आणि त्याची मुदत कुठेच लिहिलेली नसते. इतक्या वर्षांत ते वाक्य वाचून मला प्रश्न विचारणारे ग्राहक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.

विमा कंपनीला बांधणारा असा कायदा मुंबईत होऊ शकत नाही, हे मान्य. पण मी वर्णन केलेली फाइलची वाट जवळजवळ सगळी राज्याच्याच हद्दीतून जाते. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे राज्यसूचीतल्या सहाव्या नोंदीतले विषय आहेत. खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते, आणि २०२१ मध्ये त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनदही आली. डॉक्टर व रुग्णालयांवरील हल्ले रोखण्यासाठी राज्याने २०१० मध्ये वेगळा कायदा केला. बँकिंग केंद्राच्या सूचीत असतानाही ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा महाराष्ट्राने १९९९ मध्ये केला, त्याच्या वैधतेला आव्हान दिले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. एमपीआयडी या नावाने तो पतसंस्थांचे चटके सोसलेल्या आपल्या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. ठेवीदारासाठी जी वाट विधिमंडळाने शोधली ती विमाधारक रुग्णासाठी का शोधू नये?

असा कायदा फार मोठा असण्याचीही गरज नाही. विम्यासाठी रुग्णाची कागदपत्रे घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने, प्रयोगशाळेने आणि त्यांच्या आवारात बसणाऱ्या टीपीएच्या माणसाने कोणता कागद कोणाला दिला याची नोंद ठेवावी आणि मागितल्यावर ती रुग्णाला दाखवावी. विम्यासाठी घेतलेल्या जादा प्रती क्लेम निकाली निघाल्यावर ठरावीक मुदतीत नष्ट कराव्यात. रुग्णालयाच्या आवारातच सशुल्क का होईना, स्कॅनिंगची सोय असावी, म्हणजे कोणाला बायोप्सीचा रिपोर्ट रस्त्यावरच्या संगणकात टाकावा लागणार नाही. आणि माहिती फुटल्याचे सिद्ध झाल्यास भरपाई थेट त्या रुग्णाला मिळावी, त्यासाठी जिल्हा पातळीवर दाद मागण्याची जागा असावी. वाळवा तालुक्यातल्या माणसाने त्यासाठी केंद्रीय कायद्याखालच्या दिल्लीच्या माहिती संरक्षण मंडळाकडे ऑनलाइन अर्ज करत बसावे, ही अपेक्षा व्यवहारात उतरणारी नाही. झेरॉक्सवाल्यांवर खटले भरावेत असे मी सुचवत नाही. तो हातावर पोट असलेला माणूस आहे; दिवसअखेर फोल्डर रिकामा करण्याची सवय त्याला नगरपालिका किंवा महापालिका लावू शकेल.

यात आमचा व्यवसायही सुटता कामा नये. प्रतिनिधींच्या डायऱ्यांत ग्राहकांचे आजार, जन्मतारखा, कर्जे, घरातल्या कुरबुरी असे सगळे लिहिलेले असते. बंद पडलेल्या पॉलिसींच्या याद्या विकत देऊ करणारे लोक माझ्याकडेही आले आहेत आणि त्यांना मी परत पाठवले आहे, पण प्रत्येक जण परत पाठवतोच असे मी म्हणू शकत नाही. कंपनी, मध्यस्थ आणि टीपीए यांच्यावर नियामकाने गोपनीयतेची बंधने घातलेली आहेत. ती तालुक्याच्या ठिकाणी बसणाऱ्या आमच्यासारख्यांपर्यंत फारशी पोहोचलेली नाहीत. २०२४ मध्ये एका मोठ्या आरोग्यविमा कंपनीच्या ग्राहकांचे वैद्यकीय कागद टेलिग्रामवर मिळू लागल्याची बातमी आली, तेव्हा माझ्या ग्राहकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न "आमचे कागद तुमच्याकडे कसे असतात?" हा होता. त्यानंतर मी जुन्या प्रती जाळल्या आणि कपाटाला कुलूप लावले. हे शहाणपण मला व्यवसायाच्या विसाव्या वर्षी सुचले, याची खंत आहे.

कायदा होईपर्यंत वेळ जाईल. पण महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना तर राज्य शासनाचीच आहे. पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार देणाऱ्या या योजनेत रुग्णाचे रेशन कार्ड, आधार, फोटो आणि सगळे रिपोर्ट आरोग्यमित्रांमार्फत (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसांमार्फत) जमा होतात, आणि रुग्णालयांशी करार राज्याची यंत्रणाच करते. कागदांची नोंद ठेवणे, जादा प्रती नष्ट करणे आणि आवारात स्कॅनरची सोय करणे या तीन अटी त्या करारात घालण्यासाठी विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाने त्यांची सुरुवात मिरजेच्या रुग्णालयांपासून करावी, आणि जिल्ह्यातल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात हा विषय मांडावा, अशी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक विमा प्रतिनिधी, विश्रामबाग, सांगली