आमच्या तात्यांना, जे फोनवर थँक्यू ऐकून घेत नाहीत

तात्या,

परवा फोनवर तुम्हाला थँक्यू म्हटलं तर तुम्ही "कसलं थँक्यू, पाण्याच्या टाकीचं झाकण कुठे ठेवलंयस ते सांग" म्हणालात आणि मला आठवेपर्यंत फोन ठेवून पण दिलात. म्हणून इथे लिहितोय, सगळ्यांसमोर, म्हणजे मध्येच कट करता येणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमची वाडी राजापूर तालुक्यात, वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, खाली उतारावर हापूसची कलमं आणि काजू, त्याखाली पंधरा-वीस घरं आणि त्यातल्या निम्म्यांना कुलपं. यंदा शिमगा होऊन आठवडा झाला असेल, दुपारी खारं वारं सुटलं आणि सड्याच्या पश्चिमेला रस्त्याकडेला कुणी विडी टाकली का तारा एकमेकींना घासल्या देव जाणे, वणवा लागला तो तासाभरात आमच्या कलमांच्या डोक्यावर. मी पालखीची रजा वाढवून गावीच होतो. धूर बघून माझे पाय लटपटायला लागले, खोटं कशाला बोलू. आणि तुम्ही देवळातली घंटा दोनदा वाजवलीत. डबल बेल! तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार म्हणा.

घरटी एक माणूस पाच मिनिटांत वर. पाठीवर मोहोरावर फवारणी करायचे पंप, पण आत नुसतं पाणी, आणि हातात ऐनाचे ओले टहाळे. तुम्ही मला दंडाला धरून जळालेल्या बाजूला उभं केलंत आणि ओरडलात, "झोडपू नको मेल्या, ठिणग्या उडतात, दाबून धर!" मी आयुष्यभर वणवा झोडपतच आलो होतो, म्हणजे टीव्हीवर बघून. पण खरं सांगायचं तर आम्हाला फार काही करावंच लागलं नाही, कारण जाळपट्ट्यापाशी, म्हणजे आधीच गवत कापून-जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यापाशी, गवतच नव्हतं, आग येऊन तिथे बसली आणि तिला पुढे खायला काही मिळेना. कडेला दोन-चार ठिकाणी पलीकडे उडाली ती पंपाने विझवली.

तीन वर्षांपूर्वी हाच वणवा याच वाटेने आला होता तेव्हा आमची बासष्ट कलमं गेली. वडिलांनी पहिली चार-पाच वर्षं हंड्याने पाणी घालून जगवलेली. त्यात वाईट म्हणजे कलम एकदम मरत नाही, पानं करपतात, मग कुठेकुठे नवी पालवी फुटते, आपल्याला वाटतं वाचलं, आणि पुढच्या वर्षी साल फाटते, खोडकिडा शिरतो आणि मग कुऱ्हाडच. बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, फक्त बागेत जायचे बंद झाले.

त्यानंतरच्या गणपतीत तुम्ही देवळात मीटिंग लावलीत, कारण सगळे चाकरमानी एकत्र सापडतात ते तेवढेच दिवस. तुम्ही म्हणालात की पूर्वी घरटी चार गुरं होती, सड्यावरचं गवत दसऱ्यानंतर कापून संपायचं, वणव्याला जाळायला उरायचंच काय. आता गुरं नाहीत, माणसं मुंबईत, गवत छातीएवढं वाढतं आणि फेब्रुवारीत त्याचं रॉकेल होतं. मला तोपर्यंत वाटायचं वणवा म्हणजे कुणीतरी मुद्दाम लावतो, "जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोरात येतं" असं म्हणणारे आहेतच की, पण लावणारा कुणीही असो, एवढी वैरण त्याला आयती मांडून ठेवणारे आपणच, हे तेव्हा कळलं.

आणि आता जे लिहायला लाज वाटते ते. सड्याच्या सातबाऱ्यावर त्रेचाळीस नावं. जाळपट्टा मारायला सगळ्यांचा होकार हवा म्हणून तुम्ही त्यातल्या एकेकाला फोन लावत बसलात, विरार, सुरत, एक तर दुबईत. बेचाळीस जण हो म्हणाले आणि त्रेचाळिसावा मी. "आधी माझा हिस्सा मोजून द्या, मग पट्टा मारा" असं मी भर मीटिंगमध्ये म्हणालो, बासष्ट कलमं गेलेला माणूस! तुम्ही चिडला नाहीत. नुसतं म्हणालात, "तिकीट तुझंच फाडलंय, बसायचं का उभं राहायचं तू ठरव." मी दोन महिने ग्रुप म्यूट करून बसलो आणि शेवटी बाबांनीच फोन करून मला झापलं.

पट्ट्याचं काम म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला मजाच वाटते. भात झोडून झालं की नोव्हेंबरात ग्रासकटरने गवत मारायचं, वीस फूट रुंद, वरच्या दगडी गडग्यापासून पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत. कापलेलं आठवडाभर सुकवायचं, आणि मग थंडीत पहाटे दव असताना, वारा पडलेला असताना, दोन्ही कडांना माणसं उभी करून ते थोडं थोडं जाळायचं. फेब्रुवारी लागायच्या आत हे आटपलं पाहिजे, नंतर हात लावला तर आपणच वणवा लावणारे. काकी मंडळींनी पहिल्या वर्षी भांडण काढलं होतं की पातेरा, म्हणजे पालापाचोळा, सगळा तुम्ही जाळलात तर तरव्याच्या भाजावळीला, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात त्याला, आम्ही काय घालू. मग ठरलं की पट्ट्यातला पातेरा आधी बायकांनी भारे बांधून न्यायचा आणि उरलं तेच जाळायचं. भाजावळीलाही नियम, सकाळी आठच्या आत, तात्यांना सांगून, दोन हंडे भरून शेजारी, आणि राख हाताला गार लागेपर्यंत घरी जायचं नाही. कुणाकुणाला ही दादागिरी वाटते. मलाही वाटायची.

घरांचं तर तुम्ही डोकंच खाल्लंत. पडवीतली लाकडं हलवा, मागच्या दारच्या झावळ्या हलवा, कौलांच्या पन्हळीत पातेरा साठलाय तो काढा, कुलूपबंद घरांचा पण काढा. आमची पेंढ्याची उडवी वर्षानुवर्षं गोठ्याला टेकून असायची, ती तुम्ही पन्नास पावलं लांब खळ्याच्या पलीकडे न्यायला लावलीत तेव्हा आई तुम्हाला काय काय बोलली ते इथे लिहीत नाही. माझी बहीण कॅलिफोर्नियात असते, तिला हे सांगितलं तर म्हणाली आमच्या डोंगराळ भागात कायद्यानेच घराभोवती शंभर फूट साफ ठेवावं लागतं आणि भिंतीला लागून पाच फुटांत तर जळणारं काहीच ठेवू नका असं सांगतात, कारण पुष्कळ घरं ज्वाळेने नाही, उडून आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. मी म्हटलं आमच्याकडे कायदा वगैरे काही नाही, तात्या आहेत.

ती ठिणगी मी बघितली. त्या दिवशी संध्याकाळी गोठ्यामागे गेलो तर जिथे उडवी असायची तिथे मोकळ्या मातीवर तळहाताएवढा काळा डाग, मध्ये जळलेल्या काटकीचा तुकडा, अजून कोमट. मी तो खिशात टाकला. का ते माहीत नाही.

बाकी सरकारी मदत वगैरे, बरं, रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची जमीन मुळात अगदी थोडी, डोंगर बहुतेक खासगी, त्यामुळे वनरक्षक बिचारा एकटा किती ठिकाणी धावणार. तुमच्या नातवाने उपग्रहावरून येणाऱ्या आगीच्या अलर्टसाठी मोबाईल नंबर रजिस्टर केलाय, भारतीय वन सर्वेक्षणवाले फुकट पाठवतात, चांगली सोय आहे, पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच डोक्यावरून जातो. आमचा मेसेज आला तेव्हा आपण विझवून चहा पीत होतो आणि तुम्ही म्हणालात "लेट आली गाडी." एवढा हसलो मी त्या दिवशी, बहुतेक भीती उतरत होती.

कलमं सगळी शाबूत आहेत. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत वर गेले, पट्ट्यावरून या टोकाचं त्या टोकाला चालत आले आणि खाली येऊन आईला म्हणाले, यंदा बारक्या कैऱ्या गळल्यात थोड्या, बाकी ठीक. तीन वर्षांनी ते बागेबद्दल बोलले. तात्या, हे मला तुम्हाला फोनवर सांगायचं होतं.

नोव्हेंबरात मी दहा दिवस रजा टाकतोय, साहेबाला आत्ताच सांगून ठेवलंय. मुंबई मंडळाच्या वर्गणीतून दुसरा ग्रासकटर घ्यायचं ठरतंय, तुम्हाला पात्याचा हवा का नायलॉन दोरीचा ते कळवा, आणि नवे पंपही दोन घेऊन येतो, जुन्यातला एक गळतो.

टाकीचं झाकण पडवीत आहे, कोयत्यांच्या मागे, भिंतीला उभं करून ठेवलंय.

तुमचा
त्रेचाळिसावा